प्लेगच्या सालात बायकांची तक्रार

करोनाच्या वेळी ‘साथरोग कायदा’ हे नाव आपण सगळ्यांनीच ऐकलं. तो कायदा फेब्रुवारी १८९७ मधला. तेव्हा मुंबई-पुण्यात प्लेग होता. गाठ आली की धडधाकट माणूस चार-आठ दिवसांत जायचा. काहीतरी करणं भागच होतं, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

पुण्यात ते काम रँड नावाच्या अधिकाऱ्याकडे दिलं. त्याने घरं तपासायला गोरे सोल्जर लावले. आजारी माणूस दवाखान्यात, घरातले बाकीचे छावणीत, सामानाची जाळपोळ. बूट थेट देवघरापर्यंत. पण बायकांना लागलं ते वेगळंच. प्लेगची गाठ येते जांघेत, नाहीतर काखेत. ती बघायची तर लुगडं बाजूला करावं लागणार, आणि बघणारा परका पुरुष. तेही चारचौघांत, अशा तक्रारी झाल्या.

प्लेगच्या दवाखान्यात बायकांना कसं वागवतात, यावर पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी वर्तमानपत्रात लिहिलं. सरकारने ते नाकारलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केला, असं पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथे सांगितलं. परत आल्यावर पुरावा द्यायची वेळ आली, तर नाव द्यायला कुणी पुढे येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. आता तुम्हीच सांगा, त्या काळात स्वतःचं नाव सांगून कुठली बाई उभी राहिली असती? या कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असं कलम कायद्यात होतं. तक्रार कुठे करायची, याचं कलम नव्हतं. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. तेवढं शाळेत शिकवतात.

त्याच साली सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी पोरगा सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणला. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. रोग्याला घरापासून दूर नेणं इथेही होतंच; नेणारी मात्र आपल्यातली बाई होती.

२०२० मध्ये हा कायदा दुरुस्त झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आली. ती हवीच होती, आपल्या आशाताई दारोदार फिरत होत्या. दावा न लावण्याचं ते जुनं कलम अजून तसंच आहे. पण आता वर राज्यघटना आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लस घ्यायची बळजबरी कुणावर करता येणार नाही, आपल्या शरीरावरचा हक्क कलम २१ मध्ये येतो. साथ आवरायला वाजवी बंधनं मात्र सरकार घालू शकतं.

ग्रामसभेच्या आधी आपली महिला सभा असते. पुढच्या साथीत बाईला बाईच तपासणार का, आणि तक्रार लेखी कुणाकडे द्यायची, हे दोन प्रश्न तिथे आत्ताच मांडून इतिवृत्तात लिहून घेता येतील.