रॉस बेटावरचे चितळ

पोर्ट ब्लेअरसमोरचे रॉस बेट 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. 1858 नंतर इंग्रजांनी येथून अंदमानचा कारभार केला. जून 1941 च्या भूकंपाने इमारती खिळखिळ्या झाल्या. मार्च 1942 मध्ये जपानी सैन्य आले. त्यांचे बंकर अजून आहेत. 1945 मध्ये जपानी गेले, पुढे इंग्रजही गेले; त्यांनी अंदमानात आणलेले चितळ मात्र राहिले.

आपल्या सातपुड्यात चितळामागे बिबट्या असतो. अंदमानात तसा शिकारी प्राणीच नाही. शिवाय चितळ पोहतात, त्यामुळे ते बेटाबेटांवर पसरले. (पर्यटकांना ते गोंडस वाटतात, हे वेगळेच!) कित्येक बेटांवर कोवळी रोपे ते फस्त करतात. मग जुने झाड पडले की त्या जागी वाढायला नवे रोपच उरत नाही.