बालकांच्या अंतर्गळावरील शस्त्रक्रिया : खुली पद्धत आणि दुर्बीण पद्धत (नांदेड व लातूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :

मूल रडले की जांघेत फुगवटा दिसतो आणि ते निजले की नाहीसा होतो, हे अंतर्गळाचे परिचित लक्षण होय. गर्भावस्थेत वृषण पोटातून अंडकोशात उतरताना पोटाच्या आवरणाची एक पिशवी त्याच्यासोबत खाली येते. ती बंद झाली नाही तर तिच्यात आतडे उतरते. प्रौढांप्रमाणे येथे स्नायू दुबळे झालेले नसतात, म्हणून जाळी बसवावी लागत नाही. पिशवीचे तोंड बांधले की काम भागते. बेंबीचा फुगवटा बहुधा वयानुसार आपोआप बसतो, आणि त्यावर नाणे बांधणाऱ्या आजीला त्याचे श्रेय मिळते. जांघेतील अंतर्गळाचे तसे नाही. तो पट्ट्याने बरा होत नाही, आणि त्यात आतडे अडकले तर काही तासांतच जिवावर बेतते.

ही पिशवी खुल्या पद्धतीने बांधावी की दुर्बिणीतून, हा प्रश्न वरवर तंत्राचा वाटतो. नांदेड-लातूरचा इतिहास पाहता त्याआधी आणखी दोन प्रश्न उभे राहतात. तान्ह्या मुलाला भूल कोण देणार, आणि रुग्णालय किती दूर आहे?

निजाम राजवटीचा वारसा :

नांदेड, तसेच त्या वेळी उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात असलेले लातूर, हे दोन्ही भाग हैदराबाद संस्थानात होते. भुलेच्या इतिहासात या संस्थानाचे नाव मोठे आहे. हैदराबाद वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनच्या 'लॅन्सेट'चे प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटन आले आणि खर्च निजामाने उचलला. क्लोरोफॉर्म श्वास थांबवतो, हृदय नव्हे, हा आयोगाचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी हलक्या भुलेतही हृदय बंद पडू शकते हे प्रयोगाने दाखविले. ज्या राज्याच्या राजधानीत भुलेवर जगाचे लक्ष लागले होते, त्याच राज्याच्या मराठी जिल्ह्यांना पहिल्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी १९५६ पर्यंत थांबावे लागले. तेही औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) निघाले.

तोवर रुग्णाची दिशा लोहमार्ग ठरवीत असे. नांदेडचा मार्ग हैदराबादकडे जाई. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे आली, आणि १९२७ मध्ये ती अरुंद लाइन मिरजेपर्यंत पोहोचली, जेथे विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाची शस्त्रक्रियेसाठी ख्याती होती.

खुल्या पद्धतीचा विकास :

इटलीतील बासिनी यांनी १८८०च्या दशकात प्रौढांच्या अंतर्गळावर स्नायू शिवण्याची पद्धत रूढ केली. मुलांच्या बाबतीत मात्र प्रवास उलटा, कमी करण्याच्या दिशेने झाला. ग्लासगोचे जेम्स निकॉल यांनी १९०९ साली आपल्या ८,९८८ बाह्यरुग्ण बालशस्त्रक्रियांचा अहवाल दिला. अंतर्गळाची मुलेही त्याच दिवशी आईजवळ घरी जात. पुढे पॉट्स व सहकाऱ्यांनी १९५० मध्ये केवळ पिशवी उंचावर बांधणे पुरेसे असल्याचे मांडले. बोस्टनचे ग्रॉस यांच्या ३,८७४ मुलांच्या मालिकेत अंतर्गळ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ०.४५ टक्के होते. जांघेच्या घडीत दीड-दोन सेंटिमीटरचा छेद, थोडी साधने आणि अल्प वेळ यांवर ही शस्त्रक्रिया होते. १९६६ मध्ये लातूरला डॉ. अशोक कुकडे व सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले, तेव्हा जिल्ह्याच्या पातळीवर करता येण्याजोगी शस्त्रक्रिया म्हणून ती सिद्ध झालेली होती.

दुर्बिणीचे आगमन :

नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आले आणि लातूरला एम.आय.एम.एस.आर. १९९० मध्ये. त्याच १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. म्हणजे मराठवाड्याच्या या दोन शहरांत वैद्यकीय शिक्षण रुजत असतानाच शस्त्रक्रियेचे साधन बदलू लागले होते. मुलांच्या अंतर्गळावर दुर्बिणीचा वापर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, प्रथम मुलींमध्ये व नंतर मुलांमध्ये झाला. २०१० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाने ४३७ बालकांचा अनुभव प्रसिद्ध केला.

तुलना :

दुर्बिणीचा खरा लाभ लहान छेदात नाही. मुळात खुला छेदच लहान असतो. वीर्यवाहिनी व रक्तवाहिन्या फारशा न हाताळता आतून छिद्र बंद करता येते आणि दुसरी बाजूही दिसते, हे तिचे बळ. परंतु या दुसऱ्या लाभाला मर्यादा आहे. एका बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ७ टक्के मुलांनाच पुढे दुसऱ्या बाजूस अंतर्गळ होतो, असे मिल्टेनबर्ग यांच्या १९९७च्या विश्लेषणात आढळले. दिसलेले प्रत्येक छिद्र बांधायचे ठरविल्यास अनेक मुलांवर अनावश्यक टाके पडतात. पुनरुद्भवाचे प्रमाणही आरंभी अधिक होते. जर्मनीतील शियर यांच्या २००६च्या ५४२ मुलांच्या मालिकेत ते ४.१ टक्के होते. तंत्र सुधारल्यावर हे अंतर बरेच घटले आहे. दोन्ही बाजूंना अंतर्गळ असलेल्या वा पुन्हा उद्भवलेल्या मुलात दुर्बीण सरस मानणे रास्त ठरते. एका बाजूच्या साध्या अंतर्गळात तिचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

कारण दुर्बिणीसाठी पोटात वायू भरावा लागतो. त्यामुळे श्वासनलिकेत नळी, श्वसनयंत्र आणि लहान मुलांची भूल हाताळणारा तज्ज्ञ आवश्यक होतो. खुल्या शस्त्रक्रियेत, निवडक बालकांत, कमरेखालील भुलेवरही काम होते. यंत्र विकत घेता येते, भूलतज्ज्ञ घडवावा लागतो, ही बाब रुग्णालयांच्या जाहिरातींत सहसा येत नाही.

अंतराचा प्रश्न :

नवजात कक्षांमुळे अकाली जन्मलेली बालके आता अधिक संख्येने जगतात आणि अंतर्गळ त्यांच्यातच अधिक आढळतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका यादृच्छिक चाचणीत अशा बालकांवर लगेच शस्त्रक्रिया केलेल्या गटात २८ टक्क्यांना, तर थांबून केलेल्या गटात १८ टक्क्यांना गंभीर दुष्परिणाम झाले. म्हणजे थांबणे हितावह ठरते. पण आतडे अडकल्यावर तातडीने रुग्णालय गाठता येईल, हे त्यात गृहीत आहे. नांदेड शहरातील बालकाला हे गृहीतक लागू पडेल. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातील बालकाला तितक्या सहज नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यात नांदेडचा समावेश झाला, लातूर त्यानंतर आले. शस्त्रक्रियेचा खर्च त्यामुळे हलका झाला. माहूरहून रात्री निघालेल्या आईचा रस्ता मात्र तेवढाच राहिला.