घरांतला नकार

सभेंत किंवा सरकारदरबारीं ‘नाहीं’ म्हणणें सोपें नसतें, हें खरें. परंतु त्याहून कठीण नकार घरांत द्यावा लागतो. परक्या माणसास नकार देतांना आपली बाजू न्याय्य आहे एवढें पुरतें. वडिलांस, सासूस किंवा जिवलग मित्रास नकार देतांना मात्र प्रेम, ऋण व लोकलज्जा या तिन्ही गोष्टी आडव्या येतात. गेल्या शतकांतील सुधारणेचा इतिहास आपण बहुधा व्याख्यानें व ठराव यांच्या आधारें वाचतों. तोच इतिहास स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पाहिला, तर त्यांतील थोर माणसांचीं खरीं युद्धें कोठें झालीं हें अधिक स्पष्ट दिसतें.

नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें १८ जानेवारी १८४२ रोजीं जन्मलेले माधवराव रानडे हे याचें सर्वांत बोलकें उदाहरण होय. विष्णुशास्त्री पंडितांनीं चालविलेल्या पुनर्विवाहाच्या चळवळीचे ते पुरस्कर्ते. १८७३ च्या ऑक्टोबरांत त्यांची पहिली पत्नी निवर्तली. आतां हा सुधारक विधवेशींच लग्न करणार, अशी मित्रांची अपेक्षा आणि वडील गोविंदराव यांची भीति. वडिलांनीं घाईनें मुलगी निश्चित केली. माधवरावांनीं विनवण्या केल्या, मुदत मागितली. परंतु ऐकलें नाहींस तर आपण कोल्हापुरास निघून जाऊं व संबंध तुटला असें समजूं, असें वडिलांनीं सांगितल्यावर त्यांचा शब्द संपला. त्याच वर्षाच्या अखेरीस एकतीस वर्षांच्या माधवरावांचें अकरा वर्षांच्या यमुनेशीं लग्न झालें. हीच पुढें रमाबाई रानडे.

या प्रसंगाबद्दल माधवरावांस त्या काळीं व नंतरही पुष्कळ बोल लागला. त्यांची पितृभक्ति खोटी होती असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जो नकार आपण देत नाहीं, त्याची किंमत पुष्कळदां आपल्याला नव्हे तर तिसऱ्याच माणसाला द्यावी लागते. पितापुत्रांतील तो पेंच सुटला खरा. पण तो एका अजाण मुलीच्या आयुष्यावर सुटला, आणि तिला कोणीं विचारलेंही नव्हतें.

माधवरावांचें मोठेपण असें, कीं त्यांनीं हें ऋण ओळखलें. लग्न होतांच त्यांनीं तिच्या हातीं पाटी दिली. घरांतील वडीलधाऱ्या बायकांस तें रुचलें नाहीं. टोमणे, अबोला, कामाचा जाच यांतून तिचें शिक्षण चाललें. १८७८ सालीं माधवरावांची बदली नाशकास झाली, आणि पुण्याच्या त्या मोठ्या कुटुंबाचा रोजचा पहारा दूर राहिला. गोदातीरच्या या गांवीं तिचें वाचन मोकळेपणीं सुरू झालें. येथल्याच हायस्कुलांत ती पाहुणी म्हणून पहिल्यानें जाहीरपणें बोलली. भाषण अर्थात् पतीनें लिहून दिलेलें होतें. नाशकानें तिला दिलें तें अंतर. घरच्या माणसांशीं भांडण न करतां त्यांच्यापासून थोडें दूर राहतां आलें, तर माणूस आपलें मन आपण ओळखूं लागतो.

१८८२ सालीं पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनीं आर्य महिला समाज काढला, तेव्हां या ओळखीची परीक्षा झाली. रमाबाई रानडे सभांस जाऊं लागल्या, आणि घरांतील बायकांनीं त्यांना वाळींत टाकल्यासारखें वागविलें. माधवरावांचा उपदेश एवढाच, कीं उलट उत्तर देऊं नये, पण जाणें सोडूं नये. मुकाट्यानें सोसणें आणि मुकाट्यानें आपलें काम चालू ठेवणें यांत बाहेरून फरक दिसत नाहीं; परंतु पहिल्यांत शरणागति आहे, दुसऱ्यांत नकार आहे. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या आठवणींत हा भेद पानोपानीं जाणवतो.

स्वतः माधवरावांस मात्र हा धडा पुन्हां एकदां जड गेला. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतलेल्या मंडळींचीं नांवें छापून आलीं व ग्रामण्य माजलें. अखेर १८९२ सालीं माधवरावांनीं प्रायश्चित्त घेतलें. मित्रांच्या घरच्या अडचणी पाहून त्यांनीं मान लवविली, हें त्यांच्या मनाच्या मृदुतेला शोभणारें होतें. त्यांच्या अनुयायांचे चेहरे मात्र त्या दिवशीं उतरले.

त्याच काळांत मुंबईंत एक निराळा नकार गाजत होता. रखमाबाईंचें लग्नही अकराव्या वर्षींच झालेलें. दादाजी भिकाजी या पतीनें १८८४ सालीं त्यांना नांदावयास आणण्यासाठीं हायकोर्टांत दावा लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं निकाल रखमाबाईंच्या बाजूनें दिला. पण १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं नांदावयास जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, आणि परत आल्यावर सुरतेस व राजकोटास त्यांनीं दवाखाने चालविले.

या दोन स्त्रियांत कोण अधिक धीट, असा तराजू लावणें व्यर्थ आहे. रखमाबाईंच्या पाठीशीं आई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन उभे होते. रमाबाईंना सासर सोडावयाचें नव्हतें, तेथेंच राहून आपली जागा करावयाची होती. एकीनें दार बंद केलें, दुसरीनें दार उघडें ठेवून आपली खोली राखली. दोन्ही नकारांत तिरस्काराचा लवलेश नव्हता, म्हणूनच त्यांतून पुढें रुग्णसेवा झाली व सेवासदन उभें राहिलें. १९०९ सालीं पुण्याचें सेवासदन सुरू झालें, आणि १९२४ सालीं निधन होईपर्यंत रमाबाईंनीं तें सांभाळलें. तेथें शिकलेल्या किती तरी विधवा व परित्यक्ता पहिल्यानें आपल्या मिळकतीवर उभ्या राहिल्या.

आपल्या घरांत आज्ञाधारकपणास आपण गुण म्हणून वाढवितों, आणि तें योग्यही आहे. मात्र मूल कधीं ‘नको’ म्हणालें, तर त्याला उद्धट ठरविण्यापूर्वीं तें काय राखूं पाहत आहे हें विचारावें. १८७३ सालीं पुण्याच्या त्या घरांत हा प्रश्न कोणीं त्या मुलाला विचारला नाहीं, आणि मुलीला तर नाहींच.