कारवारचा किनारा : विसावा आणि श्रम

बंगळूरच्या आग्नेय भागातील कोरमंगला हे उपनगर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर, कोरड्या पठारावर वसले आहे. तेथे एक तळे होते. 1997 मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा त्या तळ्याच्या जागेवर खेळाडूंसाठी वसाहत उभी राहिली. पाणी गेले आणि त्या जागेला खेळाचे नाव मिळाले. आज या उपनगरातील रहिवासी सुट्टी लागली की रात्रीच्या गाडीने पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून पश्चिम किनाऱ्यावर उतरतो. पहाटे वाळूवर चालावे, लाटांत डुंबावे, दुपारी ताजा बांगडा आणि उकड्या तांदळाचा भात जेवावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. त्याच्या या वाटेवर गोकर्ण लागते आणि त्यापुढे कारवार. कारवारच्या किनाऱ्यावरील विसाव्याला मात्र या प्रवाशापेक्षा बराच जुना इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा आरंभ बंगळूरशी नव्हे तर मुंबईशी बांधलेला आहे.

समुद्राकाठी प्रकृतीसाठी जाऊन राहणे ही कल्पना आपल्याकडे तशी उशिरा आली. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल या इंग्रज वैद्याने समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा ग्रंथ लिहिला आणि ब्रायटनसारखे मासेमारांचे गाव धनिकांचे विश्रांतिस्थान बनले. हिंदुस्थानातील इंग्रज अंमलदाराने हवापालटासाठी प्रामुख्याने डोंगर निवडला. किनारपट्टीवरील माणसाला तर समुद्र हे विश्रांतीचे स्थळ वाटण्याचे कारणच नव्हते. समुद्र म्हणजे त्याचे शेत होते. चार घटका वाळूवर बसायला मिळाल्या, तर त्या जाळी विणण्यातच जात.

कारवारचे आधुनिक स्वरूप घडले ते कापसामुळे. इंग्रज व्यापाऱ्यांची वखार येथे 1638 मध्येच आली होती. परंतु जिल्ह्याचे ठिकाण म्हणून हे गाव वाढले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. धारवाडकडील कापूस घाट उतरून थेट मँचेस्टरला जावा, त्यासाठी कारवारला मोठे बंदर व्हावे, असा इंग्लंडातील गिरणीमालकांचा आग्रह होता. त्या आग्रहाचे फळ म्हणून 1862 मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. कचेऱ्या आल्या, न्यायालय आले, अंमलदारांचे बंगले उभे राहिले, किनाऱ्याच्या वाळूत सुरूची झाडे लावली गेली. पण लोहमार्ग काही आला नाही. 1888 मध्ये तो आला तो गोव्यातील मुरगावला, आणि कारवारच्या बंदराचे स्वप्न मागे पडले. त्या स्वप्नाच्या भंगातच या किनाऱ्याचे भाग्य होते असे म्हणावे लागते. गोदी झाली नाही, म्हणून पुळण शिल्लक राहिली.

याच न्यायालयात सत्येंद्रनाथ ठाकूर न्यायाधीश म्हणून आले. सनदी नोकरीच्या परीक्षेत यशस्वी झालेले ते पहिले भारतीय होते. त्यांची सारी कारकीर्द मुंबई इलाख्यात गेली, त्यांनी मराठी आत्मसात केली आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. 1883 मध्ये त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहावयास आले. रवींद्रनाथ तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे ‘जीवनस्मृति’त त्यांनी कारवारवर एक छोटे प्रकरण लिहिले. मराठी-कोंकणी मुलखातील समुद्रकाठच्या सुट्टीचे इतके नितळ चित्र अन्यत्र सहसा आढळत नाही.

त्या प्रकरणातील मुख्य प्रसंग एका चांदण्या रात्रीचा आहे. मंडळी लहान शिडाच्या होडीतून काळी नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेली. वाटेत शिवाजीमहाराजांच्या नावाशी जोडलेल्या एका जुन्या डोंगरी किल्ल्यापाशी उतरून ती एका शेतकऱ्याच्या झाडलोट केलेल्या अंगणात शिरली आणि चांदण्यात बसून जेवली. परतताना होडी प्रवाहाबरोबर सोडून दिली. मुखाशी पोहोचेपर्यंत बराच उशीर झाला, तेव्हा समुद्रातून न जाता सगळे वाळूवर उतरले आणि पायी घरी आले. रात्र खूप झाली होती, समुद्र निश्चल होता, सुरूच्या झाडांची नित्याची कुजबुजही थांबली होती. घरी आल्यावर झोप न येता कविता आली, असे रवींद्रनाथ सांगतात. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे त्यांचे नाटकही याच मुक्कामात लिहिले गेले.

या प्रसंगातील एक तपशील वाचकाच्या नजरेतून सहज सुटतो. अंगण शेतकऱ्याचे होते, पण जेवण मंडळींनी बरोबर आणलेले होते. त्या घरात त्या रात्री काय शिजले होते, हे ‘जीवनस्मृति’ सांगत नाही. त्यात रवींद्रनाथांचा दोष काढण्याचे कारण नाही. त्या काळच्या उच्चभ्रू प्रवासाची ती रीतच होती. जातीपातीचे निर्बंध होते, आणि स्थानिक अन्न चाखणे हा प्रवासाचा हेतू अजून झालेला नव्हता. तरीही ज्या नाटकात जगाकडे पाठ फिरवलेला संन्यासी एका अनाथ मुलीच्या मायेने पुन्हा माणसांत ओढला जातो, ते नाटक लिहिणाऱ्या कवीच्या शेजारीच ते अंगण, ती चूल आणि ती माणसे होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या चुलीवर काय शिजत असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही, कारण किनाऱ्याचे अन्न ऋतूने ठरवलेले असते. पावसाळ्यात समुद्र बंद. तेव्हा उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बांगडे आणि सुंगटे, कुळथाचे सार, उकड्या तांदळाची पेज. नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की होड्या पुन्हा लोटल्या जातात, आणि मग बांगडा, तारली, इसवण. बांगड्याच्या आमटीत तिरफळे ठेचून घालावीत, आंबटपणासाठी आमसूल टाकावे, नारळाचा रस शेवटी सोडावा. काळीच्या मुखाशी, जेथे गोडे पाणी खाऱ्यात मिसळते, तेथे ओहोटीच्या वेळी बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून तिसऱ्या गोळा करतात. सारस्वतांच्या घरी दाळीतोय आणि खतखते. उन्हाळ्यात अंकोल्याचा इशाड आंबा, ज्याच्या ‘करी इशाड’ या जातीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यांतील प्रत्येक पदार्थामागे कोणाचे तरी वाकलेले कंबरडे आहे. पाहुणा ज्याला चव म्हणतो, ती पुष्कळदा यजमानाच्या टंचाईतून शोधलेली युक्ती असते. सुकी मासळी ही मुळात आवडीची नव्हे, अडचणीची तरतूद होय.

अन्न आणि अंगमेहनत यांचा हा संबंध सर्वांत स्पष्ट दिसे तो रापणीत. कोंकणीत रांपण, कानडीत रंपणी. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबच लांब जाळे, आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून ओढणारी पन्नास-साठ माणसे. खारवी, हरिकंत्र अशा समाजांची घरे आपापले जाळ्याचे तुकडे जोडून एक रापण करीत. दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळे, मग तो म्हातारा असो वा पोर. वाळूवर पाय रोवून, मागे झुकून, एका लयीत दोर ओढण्याचा हा व्यायाम कोणी प्रकृतीसाठी करीत नव्हते. पण त्या किनाऱ्यावर त्याहून कसदार व्यायाम दुसरा नव्हता, आणि त्याचे फळ त्याच सांजेला पानात पडे. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची पर्सिसीन जाळी आली. बांगड्या-तारल्यांचे थवे किनाऱ्याशी येण्याआधीच खोल पाण्यात वेढले जाऊ लागले. काही वर्षांतच रापणीचे संघ मोडले. मासळी बाजारात येत राहिली, पण वाट्याची रीत संपली. ज्याच्याकडे बोट, त्याची मासळी. ज्याच्याकडे केवळ हात, तो मजूर.

मधल्या काळात कारवारची दिशाही पालटली. 1862 ते 1956 अशी चौऱ्याण्णव वर्षे हे गाव मुंबईकडे तोंड करून होते. बदलीवर आलेल्या मराठी कारकुना-शिरस्तेदारांची कुटुंबे येथे राहिली. काका कालेलकरांनाही बालपणी वडिलांच्या नोकरीमुळे येथला समुद्र भेटला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राने कारवारवरील हक्क सोडला नाही आणि सीमावाद चालूच राहिला. पण कचेरीची कामे, शिक्षण, नोकऱ्या यांची वाट बंगळूरकडे वळली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि जी गाडी 1888 मध्ये चुकली होती, ती एकशे दहा वर्षांनी आली. तिने कापूस नव्हे, प्रवासी आणले.

जुन्या बंदराचे स्वप्नही वेगळ्या रूपाने परतले. 1986 मध्ये कारवारच्या दक्षिणेस नौदलाच्या तळाची कोनशिला बसली आणि 2005 मध्ये तो कार्यान्वित झाला. अरगा, बिणगा यांसारखे किनारे कुंपणाआड गेले, हजारो कुटुंबे उठली, भरपाईचे वाद दशकानुदशके न्यायालयांत चालले. रवींद्रनाथांच्या नावाने ओळखली जाणारी गावाशेजारची पुळण त्यामुळे अधिकच मोलाची ठरली, कारण होड्या ओढून ठेवण्यास आता तेवढीच मोकळी जागा उरली होती. 2020 च्या जानेवारीत व्यापारी बंदराच्या विस्ताराचे काम तेथे सुरू होताच मच्छीमार रस्त्यावर उतरले, गाव बंद राहिले आणि उच्च न्यायालयाने कामास स्थगिती दिली. मच्छीमारांच्या बाजूने त्या वेळी गावातील इतर नागरिकही उभे राहिले. फिरावयास येणाऱ्याची वाळू आणि होडी लावणाऱ्याची वाळू एकच आहे, हे त्या दिवसांत सर्वांना कळले.

कोरमंगल्याहून येणारा प्रवासी 1883 च्या मंडळींसारखा शिदोरी बांधून येत नाही. तो स्थानिक अन्न मागतो, पहाटे वाळूवर चालतो, नावाड्याबरोबर काळीच्या पात्रात जातो. हा पालट लहान नाही. अंगणात बसून आपलेच अन्न खाणारा पाहुणा आता यजमानाच्या पंक्तीला येऊ पाहतो आहे. परंतु पंक्तीला बसावयाचे तर पंक्ती टिकली पाहिजे. त्याच्या शहरातील तळे खेळाच्या वसाहतीखाली गेले, तेव्हा तेथे मासे धरणारे कोण होते हे आज कोणी विचारीत नाही. कारवारच्या वाळूवर होड्या आहेत, ओहोटीला पाण्यात उतरणाऱ्या बायका आहेत, आणि दोर ओढलेले म्हातारे हात अजून आहेत. त्यांची ठिकाणाहून हकालपट्टी झाली, तर सुरूच्या सावलीत फिरणे राहील, आणि ताटातला बांगडा कदाचित दुसऱ्या कोणत्या बंदराहून बर्फातून येईल. पण त्याला कारवारचा म्हणता येणार नाही.