अंगणातला मोठा बंब



आज ऊस नाही, हुमणी नाही, पाण्याची पाळीही नाही. आज बंबाचा इतिहास लिहितोय. आपल्या न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाचा थोडा, आणि अमेरिकेत घराबाहेर उभा असतो त्या मोठ्या बंबाचा जास्त. माणूस शेतकरी आहे, तेव्हा जळण, ओल आणि धूर ह्या वाटेनंच लिहिणार.

बंब हा शब्द पोर्तुगीजांकडनं आला. त्यांच्यात बोंबा म्हणजे पाण्याचा पंप. आपल्याकडं आग विझवणारी गाडीही बंब आणि पाणी तापवणारं भांडंही बंब. एक आग विझवायला पळतो, दुसरा आग पोटात घेऊन बसतो, नाव एकच. रचना तुम्हाला माहीत आहे. मधे नळकांडं, खाली जाळी, त्यावर ढलप्या, बुरकुंडं, करवंट्या, काय असेल ते. भोवतीनं पाणी. रशियात चहाचा समोवार ह्याच अंगाचा असतो. तिकडं तुला नावाच्या शहरात लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये समोवार करायचा कारखाना नोंदवला. जाळ मधे आणि पाणी भोवती, म्हणजे उष्णता बाहेर जायला वाटच नाही, पाण्यातनंच जावं लागतं. साधी युक्ती आहे, पण पक्की.

आता हाच बंब खोलीएवढा करा. तांब्याऐवजी पोलाद घ्या. भोवती शे-दोनशे घागरी पाणी भरा, वरनं पत्र्याची छोटी खोली घाला, तिला आखूड धुराडं लावा, आणि घरापासनं लांब अंगणात उभा करा. तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळानं घरात न्यायचं, तिथल्या लोखंडी पट्ट्यांतनं फिरवायचं, गार झालं की परत बंबात. घर उबदार, आंघोळीलाही गरम पाणी. ह्याला तिकडं आउटडोअर वुड बॉयलर म्हणतात.

माझा पुतण्या न्यूयॉर्क राज्यात राहतो. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला उंच इमारती दिसतात, पण राज्य मोठं आहे आणि त्याचं घर खेड्यात आहे. जुनं घर, मागं चार एकर झाडी, तळघरात तेलाची भट्टी. पाच महिने घर तापवावं लागतं आणि तेलाचं बिल बघून त्याचं डोकं तापतं. झाडीत अ‍ॅश जातीची बरीच झाडं वाळून उभी आहेत. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा भुंगा आहे, आशियातनं आलेला. २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात. त्याची अळी सालीखाली बोगदे करते आणि झाडाचा अन्नरस तोडते, आपल्या खोडकिडीचीच भावकी. म्हणजे जळण दारात, आणि ओळखीचा एकजण जुना बंब स्वस्तात काढून टाकतोय. पुतण्यानं विचारलं, "तात्या, घेऊ का? तुम्ही गुऱ्हाळाचं चुलाण चालवलंय, तुम्हाला जाळातलं कळतं." त्यानं कागदपत्रं पाठवली, मुलीनं मला मराठीत वाचून दाखवली. त्यातनं जे हाती लागलं ते असं.

जाळ बाहेर आणि ऊब आत ही कल्पना अमेरिकेची नव्हे. रोमन लोकांच्या स्नानगृहात भट्टी बाहेर असायची आणि गरम हवा जमिनीखालनं फिरायची. कोरियात ओंडोल म्हणून आहे, स्वयंपाकाच्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या फरशीखालनं जातो आणि माणसं त्या फरशीवर झोपतात. धूर फुकट जाऊ द्यायचा नाही हे त्यांनी फार आधी ठरवलं होतं.

पण मला सगळ्यात पटले ते स्वीडनचे लोक. अठराव्या शतकात तिथं लाकडाची ओढ लागली. लोखंडाच्या भट्ट्यांना लाकडी कोळसा हवा, घरांना सरपण हवं, जंगल मागं हटत चाललं. तेव्हा क्रोनस्टेट आणि व्रेदे ह्या दोघांवर कमी लाकडात घर तापेल अशी शेगडी काढायचं काम सोपवलं गेलं. १७६७ मध्ये त्यांनी ती मांडली. विटांची, वरनं चिनी मातीच्या फरशा लावलेली, माणसाहून उंच. आतला धूर सरळ वर जात नाही, वर-खाली पाच वाटांनी फिरतो आणि जाता जाता विटा तापवतो. सकाळी थोडं लाकूड, संध्याकाळी थोडं. जाळ मात्र मोठा आणि मोकळा. लाकूड पूर्ण जळून निखारे विझत आले की मग वरची झडप लावायची, म्हणजे विटांतली ऊब धुराड्यातनं पळत नाही. झडप कधी लावायची हे ध्यानात ठेवा मंडळी, पुढं लागणार आहे.

अमेरिकेत लाकूड मुबलक होतं, तरी बेंजामिन फ्रँकलिननं १७४४ मध्ये आपल्या लोखंडी शेगडीवर पुस्तिका काढली तेव्हा सरपण लांबनं आणावं लागतं ही तक्रार त्यात होतीच. पुढं कोळसा आला, मग तेल आणि गॅस, आणि लाकूड लोक विसरले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर परत तेच. थंड मुलखातल्या लोकांनी माळ्यावरच्या कुऱ्हाडी काढल्या.

त्या धांदलीत मेन राज्यातल्या विद्यापीठात रिचर्ड हिल नावाचे प्राध्यापक होते. यंत्रशास्त्राचे. त्यांनी लाकडाच्या जळण्याचाच विचार केला. लाकूड तापलं की त्यातनं वायू निघतो, आणि खरी उष्णता बरीचशी त्या वायूत असते. तो पेटायला सहाशे अंशांच्या वर उष्णता आणि भरपूर हवा लागते. नाही मिळाली तर तोच वायू धूर होऊन जातो आणि धुराड्यात डांबर होऊन चिकटतो. हिल यांनी पंख्यानं हवा मारली, जळायची जागा आगविटांच्या मातीची केली, लाकडं उभी ठेवली म्हणजे खालचं टोक जळेल तसं लाकूड आपोआप खाली सरकेल. जाळ हजार अंशांच्या आसपास, धूर जवळजवळ नाही. पण एवढी ऊब घराला एका वेळी नको असते. म्हणून ती मोठ्या टाकीतल्या पाण्यात साठवायची आणि लागेल तशी घरात सोडायची. स्वीडनवाल्यांनी विटांत साठवली, ह्यांनी पाण्यात.

१९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि हिल यांच्या भट्टीचं तिकडं फार कुणाला कौतुक उरलं नाही. युरोपात मात्र टाकीवाली पद्धत रुजली.

अमेरिकेत रुजला तो अंगणातला बंब. १९८४ मध्ये मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला ग्रीनबुश गावात सेंट्रल बॉयलर ही कंपनी सुरू झाली, आणि तशा आणखीही झाल्या. शेतकऱ्याला ही वस्तू का आवडली हे मला लगेच कळलं. घरात राख नाही, साल-भुसा नाही, लाकडातनं मुंग्या घरात येत नाहीत, घर पेटायची भीती नाही. पाणी उघड्यावर, दाब नाही, म्हणजे फुटायचं भय नाही. मोठमोठे ओंडके फोडल्याशिवाय टाकायचे, दिवसातनं दोन वेळा. गोठा, वर्कशॉप, घर, सगळं एकाच जाळावर.

पण आता झडप बघा. ह्या बंबात पाणी ऐंशी अंशांच्या आसपास गेलं की हवेची झडप आपोआप बंद होते. आत ओंडके अर्धे जळालेले, आणि वरनं हवा बंद. जाळ मरत नाही, धुमसत बसतो. पाणी गार झालं की झडप उघडते आणि कोंडलेला धूर भसकन बाहेर पडतो. दिवसभर हेच. त्यात चहूबाजूंनी पाणी असल्यामुळं भट्टीची भिंत कधी तापतच नाही, आणि वायू पेटायला सहाशे अंश पाहिजेत. आपल्या न्हाणीतल्या बंबाला हा रोग का नाही? कारण त्याला झडपच नाही. मूठभर ढलप्या, अर्ध्या तासाचा जाळ, पाणी काढलं, संपलं. त्याला कुणी थांब म्हणत नाही. गुऱ्हाळावर चुलव्या ओलं चिपाड चुलाणात घालायला लागला की गुळव्या ओरडतो, तेही ह्याच कारणानं. ओलं जळण आधी स्वतःचं पाणी उकळतं, मग उरलंच तर काहिलीला देतं.

हे बंब वाढले तशी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जुंपली. धुराडं आखूड, थंडीतली हवा जड, धूर वर जायचा नाही, उताराच्या घरात शिरायचा. बांधावरची भांडणं आपल्याला नवीन नाहीत, पण बांध कोरला तर मोजणी आणता येते, धुराची मोजणी कोण आणणार? व्हरमाँट राज्यानं १९९७ मध्ये आधी नियम केला, शेजारच्या घरापासनं २०० फूट लांब ठेवा. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयानं ऑगस्ट २००५ मध्ये ह्या बंबांच्या धुरावर अहवाल काढला. २००६ मध्ये ईशान्येकडच्या राज्यांच्या हवा-विभागांच्या संघटनेनं हिशोब मांडला, की एका सरासरी बंबातनं जेवढे बारीक कण निघतात तेवढे निघायला २२ प्रमाणित लाकडी शेगड्या लागतील, किंवा तेलाच्या २०५ भट्ट्या. आकडा मी मुलीला दोनदा वाचायला लावला. १९८८ मध्ये केंद्र सरकारनं लाकडी शेगड्यांना धुराची मर्यादा घातली होती, पण त्यात हा बंब धरलाच नव्हता. तो घरात नसतो ना!

मग २००७ मध्ये कंपन्यांसाठी ऐच्छिक योजना आली, २०११ मध्ये न्यूयॉर्कचा नियम आला. नवा बंब हद्दीपासनं १०० फूट आत, धुराडं किमान १८ फूट. २०१५ मध्ये देशभर सक्ती झाली आणि मे २०२० पासनं ती आणखी आवळली. आता नवीन विकले जाणारे बंब बहुतेक दोन खणी असतात, वर लाकडाचा वायू होतो आणि खालच्या आगमातीच्या खणात तो जळतो. म्हणजे फिरून हिल यांच्याच वाटेवर यावं लागलं.

पुतण्याला मी फोनवर सांगितलं, बंब केवढा आणि किती जुना हे नंतर बघ. आधी बघ की घराला ऊब नको असेल तेव्हा जाळाचं काय होतं. झडप लागून धुमसतो, का मोकळा जळून ऊब कुठंतरी साठते? तो जुना बंब पहिल्या जातीचा. स्वस्त आहे, पण त्याला लाकूड दुप्पट लागेल, आणि त्याच्या उताराला एक म्हातारं जोडपं राहतं. ते चांगले लोक आहेत, बर्फात ह्याची गाडी रुतली की आजोबा ट्रॅक्टर घेऊन येतात. त्यांच्या खिडकीत पाच महिने धूर सोडायचा म्हणजे तो ट्रॅक्टर पुढच्या वर्षी येईल का?

तो म्हणाला, "पण तात्या, नवा दोन खणी फार महाग आहे." महाग आहेच. वर टाकी, वर नळ. नळाचंही एक आहे. तिथं म्हणतात बर्फ पडल्यावर घर ते बंब जमीन बघावी. मधे बर्फ वितळून काळी रेघ उमटलेली असेल तर नळाला वेष्टण नीट नाही, आणि तुम्ही अंगण तापवताय. आपल्याकडं पाटाच्या कडेला गवत हिरवं दिसलं की पाट पाझरतोय हे कळतं, तसंच.

शेवटी जुना बंब त्यानं सोडला. यंदाचा हिवाळा तेलावरच काढायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पैसे जमवून टाकीवाला बंब शेडमध्ये बसवायचा, आजोबांच्या घराच्या उलट बाजूला. तोवर वाळलेली अ‍ॅश तोडून, फोडून रचायची. झाड उभं वाळलं तरी खोडात ओल असतेच, ती २० टक्क्यांच्या खाली यायला पाहिजे. ओल मोजायचं छोटं यंत्र त्यानं आणलंय, दोन टोचण्या लाकडात खुपसायच्या. पहिला आकडा ३१ आला. रास वरनं झाकलीय, बाजूनं उघडी ठेवलीय, वारा खेळायला. शेजारच्या तालुक्यातला एकजण उरलेलं लाकूड मागत होता, पण त्या भुंग्यामुळं न्यूयॉर्कात कच्चं सरपण ५० मैलांपलीकडं न्यायला बंदी आहे, म्हणून आधी अंतर मोजलं. ४० मैल निघालं, दिलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी तांब्याचा बंब अजून चालू असेल तर कळवा, कल्हई कुठं करून घेता तेही सांगा. आमच्याकडचा कल्हईवाला दोन वर्षं झाली, फिरकला नाही.