सोन्याचें पान आणि हाताचा कागद

दसऱ्याच्या संध्याकाळीं पुण्याच्या पेठांतून जो हिंडला असेल, त्याला तेथील एक देखावा परिचित असतो. धाकटा थोरल्याच्या घरीं जातो, त्याच्या हातावर आपट्याचें एक पान ठेवतो, वांकून नमस्कार करतो आणि आशीर्वाद घेऊन परततो. त्या पानाला ‘सोनें’ म्हणावयाचें अशी रीत आहे. गुरुदक्षिणेसाठीं रघुराजाकडे आलेल्या कौत्साची कथा या रीतीशीं जोडलेली आहे. कुबेरानें झाडावर सुवर्णाची वृष्टि केली, कौत्सानें हवें तेवढेंच उचललें आणि उरलेलें लोकांनी लुटलें, अशी ती कथा. सराफाच्या दृष्टीनें या पानाची किंमत शून्य आहे. पण एकाच्या मनांतील सद्भाव दुसऱ्यापर्यंत पोंचविण्याचें काम तें चोख बजावतें. ‘शुभेच्छापत्र’ हा शब्द अलीकडचा असेल. शुभेच्छेचें पान मात्र महाराष्ट्राला फार जुनें आहे.

भाषेनें हें नातें आधींच ओळखलें होतें. संस्कृतांत झाडाच्या पानाला पत्र म्हणतात आणि लिहिलेल्या निरोपालाहि पत्रच म्हणतात. मराठींत वडाचें तें पान, पोथीचेंहि पान, आणि पंक्तींत वाढावयाचें तेंहि पानच. बागेंतील खऱ्या पानाचा ठसा हातानें केलेल्या कागदावर उमटवून जें शुभेच्छापत्र तयार होतें, त्यांत या शब्दाचे दोन अर्थ एकत्र येतात. त्याचा इतिहास म्हणजे दोन गोष्टींचा इतिहास होय: एक पानाच्या ठशाचा, दुसरा पुण्याच्या कागदाचा. यांतील पहिली गोष्ट साऱ्या जगाची आहे. दुसरी या शहराची आहे, आणि तींत एका कारागिरीच्या अस्ताची व पुनर्जन्माची हकीकत सामावलेली आहे.

छापील शुभेच्छापत्रांची प्रथा टपालाच्या पाठोपाठ आली. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें आणि तीनच वर्षांनी, १८४३ सालीं, हेन्री कोल या गृहस्थानें हॉर्सली नांवाच्या चित्रकाराकडून नाताळचें पहिलें छापील कार्ड काढवून घेतलें. त्याच्या सुमारें हजार प्रती निघाल्या आणि प्रत्येकीची किंमत एक शिलिंग होती. हिंदुस्थानांत १८५४ सालीं अंतर कितीहि असो, पत्राला वजनाप्रमाणें एकच दर, अशी व्यवस्था झाली, आणि १८७९ सालीं पाव आण्याचें, म्हणजे एका पैशाचें, पोस्टकार्ड निघालें. परगांवच्या आप्तांना सणावारीं चार ओळी पाठविणें मग सामान्य संसाराच्या आटोक्यांत आलें. विसाव्या शतकांत मराठी घरांत संक्रांतीच्या शुभेच्छापत्रांची एक स्वतंत्र चालच पडली. रंगीत कार्ड, त्यावर गोड बोलण्याची विनंति आणि पाकिटाच्या कोपऱ्यांत चिमूटभर हलवा. टपालाच्या शिक्क्यांचे तडाखे खाऊन तो हलवा पुष्कळदां भुगा होऊनच पोंचे. तरीहि घरांतील मुलें तो वांटून घेत.

आतां पानाच्या ठशाकडे वळूं. पानाला काजळी किंवा रंग लावून तें कागदावर दाबलें कीं त्याच्या शिरांचें जाळें जसेंच्या तसें उमटतें, ही गोष्ट जुन्या वैद्यांना व वनस्पति ओळखणाऱ्यांना ठाऊक होती. लिओनार्दो दा विंची याच्या टिपणवह्यांत अशा ठशाची कृति लिहिलेली असून जवळच सेज नांवाच्या झुडपाच्या पानाचा ठसाहि आहे. दिव्याची काजळी आणि तेल हींच त्याचीं साधनें होतीं. त्यानंतर सव्वादोनशें वर्षांनी अमेरिकेंत बेंजामिन फ्रँक्लिन यानें या ठशाचा एक विलक्षण उपयोग केला. तो मुद्रक होता आणि पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या कागदी नोटा छापण्याचें काम त्याच्याकडे होतें. खोट्या नोटांना आळा कसा घालावा, हा प्रश्न होता. कोरीव काम करणारा कुशल माणूस कोणत्याहि नक्षीची नक्कल करूं शकतो. पण पानाच्या शिरा कोठें जाड होतात, कोठें बारीक होतात आणि कोठें फांटे फोडतात, याची हुबेहूब नक्कल त्याच्या हातून होत नाहीं. म्हणून १७३० च्या दशकाच्या अखेरीपासून फ्रँक्लिनच्या नोटांवर खऱ्या पानांचे ठसे झळकूं लागले. ज्या गुणामुळें पानानें तिजोरीचें रक्षण केलें, तोच गुण शुभेच्छापत्राला मोलाचा आहे: दोन पानें कधींहि सारखीं नसतात.

पुढें १८५२ च्या सुमारास व्हिएन्नाच्या सरकारी छापखान्याचा प्रमुख आलोइस आउअर यानें सुकविलेलें पान शिशाच्या मऊ पत्र्यावर दाबून त्याचा ठसा घेण्याची व त्यावरून छपाई करण्याची रीत सिद्ध केली. हेन्री ब्रॅडबरी यानें ती इंग्लंडांत नेली आणि तिकडील नेच्यांचा एक मोठा ग्रंथ १८५५ सालीं याच पद्धतीनें प्रसिद्ध झाला. पण लवकरच छायाचित्रणाची सरशी झाली. शास्त्रज्ञांनी सोडून दिलेली ही कला हौशी घरांनी आणि शाळांनी उचलून धरली. कारण तिला यंत्र लागत नाहीं, तळहात पुरतो.

तळहात पुरतो हें खरें. परंतु कागदहि तसाच लागतो, आणि येथें पुण्याची गोष्ट सुरू होते. कसबा पेठेंत कागदीपुरा नांवाचा भाग आहे. हें नांव ज्यांच्यामुळें पडलें, ते कागदी म्हणजे हातानें कागद करणारे कारागीर. ते बहुतेक मुसलमान होते. जुन्नर आणि दौलताबाद हीं दख्खनेंतील कागदाचीं जुनीं ठिकाणें होत. जुन्नरी आणि दौलताबादी हे कागदाचे प्रकार मराठी दफ्तरांत नांवानिशीं प्रसिद्ध होते. पुणें हें राज्यकारभाराचें केंद्र झालें तेव्हां येथें कागदाचा खप किती वाढला असेल, याची कल्पना पेशवे दफ्तरांतील कोट्यवधि कागदांवरून येते. हिशेब, सनदा, बातमीपत्रें, महजर, घरगुती पत्रें, हें सर्व त्या हातकागदावर बोरूनें लिहिलेलें आहे. आणि त्यांतील पुष्कळ कागद दोन-अडीचशें वर्षांनंतरहि तुटलेला नाहीं.

त्या कागदाची कृति कष्टाची होती. जुनीं तरटें, दोर, कापडाचीं लक्तरें भिजवून चुन्यांत मुरवावयाचीं, पायानें चालविण्याच्या ढेकीखालीं कुटावयाचीं, वाहत्या पाण्यांत पुन्हां पुन्हां धुवावयाचीं. असा झालेला लगदा हौदांतील पाण्यांत कालवून कारागीर त्यांत बारीक काड्यांची जाळी बुडवी आणि एका झोंकांत वर उचली. पाणी गळून जाई आणि जाळीवर कागदाचा ओला ताव उरे. तावांची चळत दाबून पाणी काढावयाचें, एकेक ताव चुन्यानें लिंपलेल्या भिंतीवर चिकटवून वाळवावयाचा, त्याला खळ द्यावयाची, आणि शेवटीं गुळगुळीत दगडानें तो घोटावयाचा. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नसे आणि शाई पसरत नसे. ही झिलई हें कागद्याचें भूषण होतें.

पेशवाई १८१८ सालीं संपली आणि या धंद्याचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक नाहींसें झालें. त्यापाठोपाठ विलायती कागद आला, कचेऱ्यांतून तोच वापरला जाऊं लागला. तुरुंगांत कैद्यांकडून करवून घेतलेला स्वस्त कागद होताच. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास पुण्याच्याच मुंढव्यास यंत्राची गिरणी उभी राहिली. यंत्राचा कागद स्वस्त होता, एकसारखा होता आणि हवा तितका मिळत होता. कागदीपुऱ्यांतील ढेक्या एकामागून एक थांबल्या. कारागिरांचें कौशल्य कमी पडलें म्हणून हें झालें नाहीं. त्यांचा कागद दरबारासाठीं होता. दरबार गेल्यावर त्याला घर उरलें नाहीं.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत या मोडलेल्या धंद्याकडे पुन्हां लक्ष गेलें. महात्मा गांधींच्या प्रेरणेनें १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडींत जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं जे उद्योग हातीं घेण्यांत आले, त्यांत हातकागद होता. हातकागदाचा अमेरिकन अभ्यासक डार्ड हंटर १९३७ सालीं हिंदुस्थानांत आला, उरल्यासुरल्या कागद्यांचें काम त्यानें प्रत्यक्ष पाहिलें आणि १९३९ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. याच सुमारास के. बी. जोशी यांनी पुण्यांत शास्त्रीय पद्धतीनें हातकागद करण्याचा उद्योग मनावर घेतला आणि १९४० सालीं शिवाजीनगर भागांत हातकागद संस्था उभी राहिली. तिचें उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें.

या संस्थेनें जुनी रीति डोळे मिटून गिरविली नाहीं. कच्चा माल म्हणून सुती कापडाच्या चिंध्या घेतल्या. शिंप्याच्या दुकानांत आणि विणकामाच्या कारखान्यांत ज्या कातरणांना केराची टोपली ठरलेली, त्यांतून कागद निघूं लागला. त्यासाठीं एकहि झाड तोडावें लागलें नाहीं. कुटण्याचें काम पायाच्या ढेकीऐवजीं यंत्राकडे दिलें. ताव उचलण्याचें काम मात्र माणसाच्या हातींच ठेवलें, कारण कागदाचा पोत तेथेंच ठरतो. कापसाचे तंतु लांब व शुद्ध असतात. लाकडाच्या हलक्या लगद्याचा कागद कांहीं वर्षांत पिंवळा पडून ठिसूळ होतो. चांगला चिंध्यांचा कागद तसा होत नाहीं.

आणि या नव्या कागदाला जुनी झिलई आवश्यक नव्हती. बोरू आतां नव्हता, दफ्तर नव्हतें. चित्रकाराला खरबरीत कागद हवा होता, लग्नपत्रिकेला जाड व मऊ कागद हवा होता, शुभेच्छापत्राला असा कागद हवा होता कीं जो हातांत घेतांच वेगळा वाटावा. कोठें लगद्यांतच फुलांच्या पाकळ्या व गवताचीं पातीं मिसळून ताव काढले गेले, आणि बागेंतील पान कागदाच्या अंगांतच जाऊन बसलें. जें कागदीपुऱ्याला साधलें नाहीं, तें येथें साधलें: दरबार सोडून कागद घरांत आला.

पानाचा ठसा घेणाऱ्याला तर हा न घोटलेला कागद वरदानच आहे. गिरणीचा गुळगुळीत कागद ताठ असतो. पान त्यावर घसरतें आणि रंग पसरतो. हातकागद किंचित् ओलसर करून घेतला कीं तो पानाच्या प्रत्येक शिरेला वळण देऊन कवेंत घेतो. कृति सोपी आहे. पान फार कोंवळें नसावें, वाळून कडक झालेलेंहि नसावें. जास्वंदाची दंतुर कड, पिंपळाचें लांबट टोंक, आपट्याचे दोन जुळे भाग, नेच्याची पिसासारखी रचना, हीं सर्व छान उठतात. पानाच्या पाठीवर शिरा वर आलेल्या असतात. म्हणून रंग पाठीलाच लावावयाचा, आणि तोहि ब्रशानें न फांसतां कापडाच्या बोळ्यानें हलकेंच टिपून. रंगाची बाजू कागदावर ठेवून वर रद्दीचा कागद घालावा आणि देंठाकडून टोंकाकडे तळहातानें दाबीत जावें. पहिला ठसा बहुधा गडद व भरकटलेला येतो. दुसऱ्या-तिसऱ्यांत शिरांचें जाळें स्वच्छ उमटतें. पुढें पुढें तो फिका होत जातो आणि धुक्यांतील झाडासारखा दिसतो. एका पानांतून असे पांच-सहा ठसे सहज निघतात, आणि त्यांतील कोणतेहि दोन सारखे नसतात.

याच्या उलट टोंकाला एक गोष्ट होऊन गेली, तीहि येथें सांगण्यासारखी आहे. तार पाठवून शुभेच्छा देण्याची सोय होती तेव्हां सणासमारंभाचीं ठराविक वाक्यें क्रमांक घालून छापून ठेवलेलीं असत. पाठविणाऱ्यानें आंकडा लिहावा, घेणाऱ्याला वाक्य मिळावें. हजारों घरीं एकच वाक्य पोंचे. ती तारसेवा भारतांत २०१३ सालीं बंद झाली. पण तिची चाल मेली नाहीं. हातांतल्या दूरध्वनीवरून एकच तयार चित्र शंभर जणांना क्षणांत जातें, आणि तें कोणीं कोणासाठीं निवडलें हें कळण्यास मार्ग नसतो.

दसऱ्याच्या सोन्याचीहि आतां तीच दशा होऊं पाहत आहे. सणाच्या आदल्या दिवशीं पुण्याच्या मंडईंत फांद्यांचे भारेच्या भारे येतात. मागणी इतकी कीं आपट्याच्या नांवावर कांचनाचीं मोठीं पानें विकलीं जातात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीं रस्त्यांत तुडविलीं जातात. कौत्सानें हवें तेवढेंच घेतलें होतें, याची आठवण लुटीच्या उत्साहांत राहत नाहीं. ज्या झाडाला वंदन करावयाचें त्याच्याच फांद्या ओरबाडल्या जाव्यात, हें त्या कथेला शोभण्यासारखें नाहीं.

येथें पानाचा ठसा उपयोगी पडतो. अंगणांतील आपट्याचें एक पान तोडलें तर त्यांतून सहा घरांना सोनें पाठवितां येतें. झाडाला त्याची जाणीवहि होत नाहीं. तें सोनें दुसऱ्या दिवशीं कोमेजत नाहीं, आणि टाकाऊ चिंध्यांच्या ज्या कागदावर तें उमटलेलें असतें, तो कागद पेशवे दफ्तरांतील कागदांप्रमाणें पुढच्या पिढीच्या हातीं लागूं शकतो. कारागिरी गौरवाच्या भाषणांनी जगत नाहीं. कागदीपुऱ्याला गौरव कधीं कमी नव्हता. कमी पडलें तें गिऱ्हाईक. हातकागदाचे चार ताव घरीं आणून मुलांना पानाचे ठसे काढावयास बसविणारें प्रत्येक घर त्या हौदावर ओणवून ताव उचलणाऱ्या हातांना काम देतें. मग दसऱ्याला थोरल्यांच्या हातीं जें पान पडेल, त्यावर झाडाच्या शिरा असतील, खालीं धांकट्याचें वेडेंवांकडें अक्षर असेल, आणि त्या सोन्याला कसोटीच्या दगडाची गरज पडणार नाहीं.