उलुरूचा पायथा आणि पाहुण्याचा मुक्काम

आजचा विषय ऐकून हे इतिहासाचं व्याख्यान आहे की सहलीची माहिती, असं कुणाला वाटलं तर नवल नाही. वाळवंटातलं एखादं दूरचं राष्ट्रीय उद्यान पाहायला जायचं, तर मुक्काम कुठे करायचा? एरवी आपण हा प्रश्न भाडं, अंतर आणि न्याहारी एवढ्यावर सोडवतो. पण मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरूच्या बाबतीत या साध्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो न कळता तिथली खोली निवडणं म्हणजे घर कुणाचं हे न विचारता आत शिरण्यासारखं आहे.

आधी जागा नजरेसमोर आणू. उलुरू हा ३४८ मीटर उंचीचा, सुमारे साडेनऊ किलोमीटर घेराचा तांबडा खडक. त्याच्या पश्चिमेला काटा जूटा हा घुमटासारख्या खडकांचा समूह. सगळ्यात जवळचं मोठं गाव ॲलिस स्प्रिंग्ज, तेही रस्त्याने सुमारे साडेचारशे किलोमीटरवर. हा मुलूख कोरडा खरा, पण निर्जन नव्हे. पाऊस पडला की पाणी खडकावरून उतरतं आणि पायथ्याच्या कुंडात साठतं. त्या पाण्याच्या आधाराने अनंगू लोक इथे हजारो वर्षं राहत आले. त्यांच्या दृष्टीने हा खडक म्हणजे देखावा नव्हे. पूर्वजांच्या कथा, आचाराचे नियम आणि भूमीचं ज्ञान या सगळ्याला मिळून ते ‘जुकुर्पा’ म्हणतात, आणि ती जुकुर्पा या खडकाच्या प्रत्येक कपारीत आहे. पायथ्याच्या काही जागा फक्त पुरुषांच्या, काही फक्त स्त्रियांच्या.

१८७३ साली विल्यम गॉस हा पाहणी अधिकारी तिथे पोहोचला आणि त्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातले राजकारणी हेन्री एअर्स यांचं नाव खडकाला देऊन टाकलं. १९२० मध्ये हा प्रदेश आदिवासींसाठी राखीव झाला. १९४८ च्या सुमारास कच्चा रस्ता झाला, प्रवासी येऊ लागले, आणि १९५८ मध्ये त्या राखीव मुलखातून खडकाभोवतीची जमीन काढून घेऊन तिचं राष्ट्रीय उद्यान केलं गेलं. क्रम लक्षात घ्या. प्रवाशांची सोय आली आणि रहिवाशांचा हक्क गेला.

मग मुक्कामाचा प्रश्न आला. त्या काळचं उत्तर सरळ होतं: जितकं जवळ तितकं चांगलं. मोटेलं उभी राहिली ती थेट पायथ्याशी. विमानाची धावपट्टी तिथेच, तंबूंचा तळही तिथेच. अनंगूंनी मात्र आपल्याच जागी फिरकू नये असे प्रयत्न होत राहिले. म्हणजे पाहुणा माजघरात आणि घरधनी अंगणाबाहेर!

एवढ्या माणसांचा भार त्या नाजूक जमिनीला सोसेना. गाड्यांनी झुडपं चिरडली, माती उघडी पडली. १९७० च्या दशकात मुक्कामाची सगळी व्यवस्था उद्यानाबाहेर हलवायचं ठरलं. १९७५ मध्ये उत्तर सीमेपलीकडे १०४ चौरस किलोमीटर जागा त्यासाठी राखली गेली. तिथे फिलिप कॉक्स या वास्तुविशारदाने ‘युलारा’ वसवलं: बुटक्या इमारती, वर सावलीसाठी ताणलेली शिडं. १९८३ मध्ये पायथ्याचा तंबूतळ बंद झाला, १९८४ अखेर मोटेलंही बंद झाली.

इथे आपण जरा सावध राहायला हवं. हा बदल मुख्यतः पर्यावरणासाठी झाला, न्यायबुद्धीने नव्हे. पण इतिहासात एका कारणासाठी उचललेलं पाऊल पुष्कळदा दुसऱ्याच ठिकाणी नेतं. १९७२ मध्ये अनंगूंनी उद्यानात एक दुकान सुरू केलं होतं, प्रवाशांना सामानसुमान पुरवणारं. त्याच्या आधाराने तिथे त्यांची कायमची वस्ती वाढली, तीच आजची मुटिजुलू. पाहुणे बाहेर गेले आणि घरचे आत राहिले. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने जमिनीची मालकी अनंगूंना परत दिली. त्यांनी ती त्याच दिवशी ९९ वर्षांच्या पट्ट्याने उद्यानासाठी सरकारला दिली, आणि कारभार पाहणाऱ्या मंडळात त्यांचं बहुमत झालं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा इथे कांटची आठवण टाळता येत नाही. शाश्वत शांतीवरच्या १७९५ च्या निबंधात त्याने दोन हक्क वेगळे केले आहेत. परक्या भूमीत जाण्याचा, वैरभावाशिवाय वागवलं जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण तिथे पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, त्यासाठी यजमानाशी वेगळा करार लागतो. दूरच्या देशांत शिरून तिथल्या लोकांना जमेसच न धरणाऱ्या युरोपीयांवर तो याच ठिकाणी कठोर टीका करतो. आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषद अतिथीला देव मानायला सांगतं, पण तो उपदेश यजमानाला आहे. पाहुण्याने तो स्वतःला लावून घेतला की १९६० मधला उलुरूचा पायथा तयार होतो.

खडकावर चढण्याच्या प्रश्नातही हेच दिसलं. चढणाऱ्यांच्या रांगेला अनंगू ‘मिंगा’ म्हणत, म्हणजे मुंग्या. चढू नका, अशी विनंती ते अनेक वर्षं करत होते. माथ्यावर शौचालय नाही, आणि पावसाबरोबर तिथली घाण खालच्या कुंडांत उतरते. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. जमीन परत मिळाल्याला त्या दिवशी ३४ वर्षं झाली होती.

युलाराची कथाही पुढे सरकली. २०११ मध्ये ते आदिवासींच्या जमिनीसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय महामंडळाने विकत घेतलं, आणि आदिवासी तरुणांना हॉटेलच्या कामाचं शिक्षण देणारी व्यवस्था तिथे उभी राहिली. पण हे महामंडळ साऱ्या ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींसाठी आहे, केवळ अनंगूंसाठी नाही. मालकीच्या कागदावर यजमान आला, तरी मुटिजुलूतल्या माणसाच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न उरतोच. तो आपण मिटवून टाकू नये.

आता मेलबर्न-सिडनीतली आपली मंडळी विचारतील, मग उतरायचं कुठे? उद्यानात मुक्कामाला परवानगी नाही, रात्री दरवाजे बंद होतात. ॲलिस स्प्रिंग्जहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नऊशे किलोमीटरचा प्रवास. त्यात पहाट हुकते, आणि वाळवंटात पहाट हाच चालण्याचा वेळ. ३६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाचा अंदाज असेल, तर काटा जूटाची घुमटांमधली मोठी पायवाट सकाळी अकराला बंद करतात. वाटेवर कर्टिन स्प्रिंग्जसारखं गुरांच्या कुरणावरचं ठिकाण आहे, पण तिथूनही सकाळी शंभरएक किलोमीटर गाडी हाकावी लागते. म्हणून बहुतेकांसाठी युलाराच, मग ते महागडं हॉटेल असो की तंबूची जागा. हिवाळ्यात तंबू निवडलात तर पांघरूण भरपूर न्या, रात्री पारा शून्याखाली जातो.

तिथून खडक वीसेक किलोमीटर दूर दिसतो. खिडकीतून हात लांबवून शिवता येत नाही, म्हणून कुणी हिरमुसतं. पण हे अंतर कुणा नियोजनकाराची चूक नव्हे. पंचवीस वर्षं पायथ्याशी झोपून पाहिल्यावर ते ठरलं आहे. सकाळी दरवाजा उघडण्याची वाट पाहत आपण रांगेत थांबतो, तेव्हा त्या भूमीवर प्रथमच पाहुण्यासारखे वागत असतो.